जुन्या वाड्याची नोंद आणि छायाचित्रण : नवख्यांसाठी मार्गदर्शक

पुण्याचा शनिवारवाडा १८२८ च्या फेब्रुवारीत लागलेल्या आगीत जळाला आणि छायाचित्रणाची कला जगापुढे आली ती १८३९ मध्ये. या अकरा वर्षांच्या अंतरामुळे पेशव्यांच्या मुख्य वाड्याच्या आतील दिवाणखाने कसे होते, हे आज उरलेल्या जोत्यांवरून, दप्तरातील कागदांवरून आणि पाहणाऱ्यांनी लिहून ठेवलेल्या वर्णनांवरून ताडावे लागते. आपल्या डोळ्यांदेखत पडणाऱ्या वाड्यांच्या बाबतीत ही सबब सांगता येणार नाही. तरीही कसबा, शनिवार, नारायण, सदाशिव या पेठांमधला एखादा वाडा जाऊन तेथे सात मजली इमारत उभी राहते, तेव्हा मागे बहुधा दरवाजासमोर उभे राहून काढलेली चार-दोन देखणी छायाचित्रेच उरतात. त्यांवरून सोप्याच्या (चौकाभोवतीच्या ओसरीच्या) खांबाची उंची सांगता येत नाही आणि माजघरातला जिना कोणत्या अंगाला चढत होता, हेही कळत नाही.

हा लेख अशांसाठी आहे, ज्यांच्याजवळ साधा कॅमेरा किंवा बऱ्यापैकी फोन, मोजपट्टी, वही आणि सुट्टीचे काही दिवस आहेत, पण वास्तुशास्त्राचे शिक्षण नाही. उदाहरणे देशावरच्या वाड्यांची घेतली आहेत, कारण त्यांची पडझड सर्वांत वेगाने चालू आहे. कोकणातील चौसोपी घरांना किंवा गोव्यातील राजांगण असलेल्या घरांनाही हीच पद्धत थोड्या फरकाने लागू पडेल. काम नीट झाले की नाही, याची कसोटी एकच मानावी : ज्या सुताराने तो वाडा कधी पाहिलेला नाही, त्याला केवळ तुमच्या नोंदीवरून तुटलेला एक हस्त (खांबावर तुळईला आधार देणारा लाकडी ब्रॅकेट) पुन्हा कोरता आला पाहिजे.

पहिली पायरी : परवानगी आणि ओळख

जुन्या पेठेत मोजपट्टी आणि कॅमेरा घेऊन आलेला अनोळखी माणूस हा बिल्डरचा माणूस आहे, असे वाड्यातील लोक गृहीत धरतात आणि त्यांचा अनुभव पाहता ते चुकीचेही नसते. बहुतेक वाड्यांत मालकी अनेक भावाबंदांत विभागलेली असते, भाडेकरूंची बिऱ्हाडे दोन-तीन पिढ्यांची असतात आणि त्या दोहोंत दावेही चालू असू शकतात. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने गोठवलेली भाडी पुढे इतकी नाममात्र ठरली, की त्यातून कौले बदलण्याचाही खर्च निघेना. १९९९ चा कायदा आला तेव्हा पुष्कळ वाडे दुरुस्तीच्या पलीकडे गेले होते. हा इतिहास ध्यानात ठेवूनच दार ठोठवावे. पहिल्या भेटीत कॅमेरा पिशवीत राहू द्यावा, आपण काय करणार आणि छायाचित्रे कोठे ठेवणार हे साध्या शब्दांत सांगावे, आणि मालक व राहणारे अशा दोघांचीही लेखी संमती घ्यावी. देवघर, स्वयंपाकघर आणि निजायच्या खोल्या यांच्यासाठी वेगळे विचारावे. नकार आला तर आग्रह धरू नये, वहीत ‘पाहता आले नाही’ एवढे लिहावे.

वास्तू संरक्षित असेल तर प्रश्न वेगळा होतो. राष्ट्रीय महत्त्वाची स्मारके १९५८ च्या कायद्यानुसार भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे असतात, तर राज्य संरक्षित स्मारके १९६० च्या महाराष्ट्राच्या कायद्यानुसार पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे. अशा ठिकाणी हातात धरलेल्या कॅमेऱ्याला सहसा अडचण येत नाही. तिपाई (ट्रायपॉड) लावायची असेल तर आधी विचारणा करावी. ड्रोन उडवण्यापूर्वी त्या जागेवर कोणते निर्बंध आहेत, हे केंद्र शासनाच्या डिजिटल स्काय नकाशावर पाहावे लागते. नवख्याने ड्रोनच्या नादी लागूच नये, असे माझे मत आहे. वाड्याचे सारे मर्म चौकाच्या आत असते आणि आकाशातून दिसतात ते प्लास्टिकने झाकलेले पत्रे.

दुसरी पायरी : कागद आणि काळ

कॅमेऱ्याआधी कागद पाहावेत. नगर भूमापन कार्यालयातून मिळणाऱ्या मालमत्ता पत्रकावर भूमापन क्रमांक, क्षेत्रफळ आणि मालकीचे फेरबदल असतात. वास्तूची ओळख याच क्रमांकावरून पक्की करावी, कारण वाड्याची नावे मालकागणिक बदलतात. महापालिकेने वारसा वास्तूंची श्रेणीनिहाय यादी केलेली असेल, तर त्यात आपली वास्तू आहे का हे तपासावे. मुंबईत अशी नियमावली १९९५ मध्ये आली आणि ती देशातील पहिली मानली जाते. घराण्याकडे मोडी कागद असतील तर ते हाताळण्यापेक्षा त्यांची छायाचित्रे घ्यावीत, आणि वाचनासाठी मोडी जाणणाऱ्याची मदत घ्यावी. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून हेच काम करत आले आहे.

शिलालेखात किंवा तुळईवर सन आढळला तर तो कोणत्या गणनेतला आहे हे आधी ठरवावे. शके असेल तर ७८ मिळवले की इसवी सन येतो. पण तिथी पौष-माघ-फाल्गुनातली आणि जानेवारी ते मार्च या महिन्यांत पडणारी असेल, तर ७९ मिळवावे लागतात. फसली सन असल्यास ५९० किंवा ५९१ मिळवावे, कारण ते वर्ष मृगापासून सुरू होते. सनाबरोबर संवत्सराचे नाव कोरलेले असेल तर ते ताडून पाहावे. दोन्ही जुळले नाहीत, तर बहुधा वाचनात चूक झालेली असते.

लेख नसेल तेव्हा वास्तूच बोलते, पण ती एका काळाची साक्ष देत नाही. पेशवाईतला म्हणून दाखवलेल्या वाड्याच्या छपरावर मंगलोरी कौले असतील, तर ते छप्पर नंतरचेच आहे, कारण मंगळूरला बासेल मिशनचा कौलांचा कारखाना १८६५ मध्ये निघाला. नक्षीच्या सिमेंट फरशा दिसल्या की विसावे शतक समजावे. मुंबईची भारत फ्लोअरिंग्ज ही कंपनी १९२२ ची आहे. लोखंडी गर्डर, बिडाचे कठडे, रंगीत काचा हेही असेच उत्तरकालीन थर आहेत. ते ‘खरे नव्हेत’ म्हणून छायाचित्रातून वगळण्याची खोड नवख्यांना असते. वगळू नये. विश्रामबागवाड्याचेच पाहा : दुसऱ्या बाजीरावाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेल्या या वाड्यात १८२१ मध्ये संस्कृत पाठशाळा सुरू झाली, १८७९ च्या मे महिन्यातील ज्या आगीत बुधवारवाडा नष्ट झाला तिची झळ यालाही लागली, आणि पुढे येथे सरकारी व नगरपालिकेच्या कचेऱ्या आल्या. यातला एकच थर निवडून बाकीचे अदृश्य केले, तर ती नोंद राहत नाही.

तिसरी पायरी : नकाशा आणि मोजमाप

वाड्यात एकदा निवांत फिरून वहीच्या पानावर हाताने ढोबळ नकाशा काढावा : दिंडी दरवाजा, देवडी (दरवाजालगतची पहाऱ्याची जागा), चौक, भोवतीचे सोपे, माजघर, देवघर, बळद (धान्य साठवायची जागा), परसू, आड, जिने. खोल्यांना क्रमांक द्यावेत. पुढची सारी छायाचित्रे या क्रमांकांना बांधली जाणार असल्याने हा नकाशा कितीही वाकडा आला तरी तोच कामाचा कणा ठरतो.

मापे दोघांनी मिळून घ्यावीत. भिंतीलगत पट्टी एकदाच ताणून दार, खिडकी, कोनाडा यांची मापे एकाच शून्यापासून सलग वाचावीत. तुकडे तुकडे मोजून बेरीज केली की प्रत्येक तुकड्याची चूक साठत जाते. खोली काटकोनात आहे असे कधीही मानू नये आणि दोन्ही कर्ण अवश्य मोजावेत. जुने कारागीर वाड्याची व्याप्ती खणांत सांगत, म्हणजे दोन खांबांमधल्या अंतरात; म्हणून खांबांच्या मध्यापासून मध्यापर्यंतची मापे वेगळी लिहावीत. भिंतीची जाडी दारातून मोजता येते. खालच्या मजल्यावर ती दोन-तीन फूट भरली, तर आत पांढऱ्या मातीचा किंवा विटांचा भराव असण्याची शक्यता असते, आणि ही बाब पुढे दुरुस्ती करणाऱ्याला फार मोलाची ठरते.

चौथी पायरी : छायाचित्रण

येथे थोडे थांबावे लागेल, कारण बहुतेकांचा उत्साह याच टप्प्यावर असतो आणि चुकाही येथेच होतात. नोंदीचे छायाचित्र आणि प्रदर्शनाचे छायाचित्र यांत फरक आहे. तुळशी वृंदावनापाशी उभी असलेली नऊवारीतली आजी, मागे तिरपे ऊन, रंग उतरवून केलेला काळा-पांढरा परिणाम : असे चित्र सुंदर असते आणि वाड्याविषयी ते जवळजवळ काहीच सांगत नाही. ते जरूर काढावे, मात्र नोंद पुरी झाल्यावर.

क्रम बाहेरून आत असा ठेवावा. गल्लीच्या दोन्ही टोकांकडून वास्तू शेजारच्या घरांसह दिसेल अशी चित्रे, मग दर्शनी भाग समोरून, मग कोपऱ्यांवरून, मग दरवाजा उघडा आणि बंद अशा दोन्ही स्थितींत. चौकात मध्यभागी उभे राहून चारही बाजू, आणि चारही कोपऱ्यांतून समोरचा कोपरा. प्रत्येक खोलीची किमान दोन चित्रे समोरासमोरच्या कोपऱ्यांतून घेतली, की चारही भिंती येतात. शिवाय छत आणि जमीन यांचे एक-एक. कडीपाटाचे, म्हणजे लाकडी कड्यांवर फळ्या घातलेले, छत बहुतेकजण विसरतात. जिन्याखालची जागा, माळा, छपराची आतली बाजू आणि न्हाणीघर हेही टाळू नये, कारण बांधणीची पद्धत जेथे सजावट नसते तेथेच उघडी दिसते.

कॅमेरा जमिनीला समांतर धरावा. इमारत पूर्ण मावावी म्हणून कॅमेरा वर उचलला की उभ्या रेषा वरती जवळ येतात आणि वाडा मागे कलल्यासारखा दिसतो. अशा चित्रावरून मापे काढता येत नाहीत. पेठेतल्या अरुंद बोळात मागे सरायला जागा नसते. तेथे समोरच्या घराच्या पहिल्या मजल्यावरील खिडकीतून, म्हणजे दर्शनी भागाच्या मध्याच्या उंचीवरून, सरळ चित्र घ्यावे. तेही न जमल्यास भिंतीला समांतर चालत एकमेकांवर साधारण दोन तृतीयांश येतील अशी चित्रे घेत जावे. संगणकावर त्यांतून सलग प्रतिमा, आणि पुरेशी असतील तर त्रिमितीय प्रतिकृतीही तयार करता येते. फोनमधील अतिरुंद भिंग खांबांना बाक आणते, म्हणून ते शक्यतो वापरू नये.

चौकाचे ऊन आणि सोप्याची सावली एका चित्रात नीट उतरत नाही. त्यामुळे तिपाईवरून एकाच जागेची कमी, मध्यम आणि जास्त उजेडाची तीन चित्रे घेऊन ठेवावीत. तिपाई असेल तर संवेदनशीलता (आयएसओ) १०० वा २०० आणि छिद्र (एफ-क्रमांक) ८ च्या आसपास ठेवून, दोन सेकंदांचा टायमर लावावा, म्हणजे बोटाचा धक्काही लागत नाही. उत्तराभिमुख दर्शनी भागावर थेट ऊन केवळ उन्हाळ्यात, सकाळी आणि संध्याकाळी तिरपे येते. इतर काळी ढगाळ दिवस उत्तम. श्रावणातला उघडीप असलेला मऊ उजेड लाकडी कोरीव कामाला विशेष मानवतो. सुरूच्या आकाराचे खांब, छतातून लोंबणारी केळफुले, महिरपींची किनार यांची खोली दाखवायची असेल, तर एका बाजूने येणारा तिरपा प्रकाश हवा. तो नैसर्गिक नसेल तर सोबत्याने टॉर्च पृष्ठभागालगत धरावी.

झिजलेल्या शिलालेखासाठीही हीच युक्ती पुरते. अक्षरांत खडू, पीठ, कोळसा किंवा तेल भरण्याची जुनी सवय निषिद्ध समजावी. भित्तिचित्रांवर पाणी शिंपडले की रंग क्षणभर उजळतात, आणि प्रत्येक शिंपणीबरोबर त्यांचा थर सुटत जातो. वाईजवळ मेणवलीच्या नाना फडणवीसांच्या वाड्यात किंवा रास्त्यांच्या मोतीबागेत अशी चित्रे आहेत. तेथे फ्लॅश बंद ठेवून तिपाईवर संथ चित्र घेणे एवढेच पाहुण्याच्या हाती असावे.

तपशिलाच्या प्रत्येक चित्रात मापपट्टी असावी आणि ती वस्तूच्याच पातळीवर ठेवावी. तळखडा (खांबाखालचा दगड), खांब, हस्त, तुळई यांचा एक पूर्ण नमुना समोरून, बाजूने आणि खालून घ्यावा. वहीत चित्राचा क्रमांक, खोलीचा क्रमांक आणि कॅमेऱ्याची दिशा लिहून नकाशावर बाणाने दाखवावी. हे काम कंटाळवाणे आहे. पण आठवड्याभराने दोन सारख्या कोनाड्यांची चित्रे समोर येतात, तेव्हा वहीवाचून काही उमगत नाही.

पाचवी पायरी : पडझड ओळखणे आणि थांबवणे

देशावरच्या वाड्याचा खरा शत्रू पाणी आहे. ते छपरातून येते, पन्हळ तुंबल्यावर भिंतीत शिरते आणि जोत्याखालून वर चढते. पानशेत धरण फुटले त्या १२ जुलै १९६१ च्या दिवशी पुण्याच्या नदीकाठच्या पेठांतील असंख्य वाडे बसले, याचे कारण हेच की मातीचा भराव भिजला की भिंतीचा भार पेलणारे काही उरत नाही. रोजच्या गळतीने तीच गोष्ट सावकाश घडते. म्हणून मालकाला एकच सल्ला द्यायचा झाला, तर तो मृगापूर्वी शाकारणी करण्याचा द्यावा : कौले परतावीत, फुटकी बदलावीत, पन्हळी साफ कराव्यात.

तुळईची टोके भिंतीत जेथे शिरतात, तेथे लाकूड आधी कुजते. लाकडी दांड्याने ठोकून पाहावे, भरीव सागवान खणखणीत वाजते आणि वाळवीने पोखरलेले बद्द. तड्यावर काचेची पातळ पट्टी चिकटवून तारीख लिहावी. पट्टी तुटली तर तडा अजून सरकतो आहे, म्हणजे गवंड्याआधी संरचना अभियंत्याला बोलावणे भाग आहे. भिंतीत उगवलेले पिंपळाचे रोप कोवळे असतानाच मुळासकट काढावे. खोड बोटापेक्षा जाड झाले असेल तर ओढू नये, कारण मुळांबरोबर दगड निघतात. ते कापून मूळ मारण्याचा उपाय जाणकाराकडून करून घ्यावा.

दुरुस्तीतली सर्वांत महाग चूक म्हणजे सिमेंट. चुन्याच्या गिलाव्यातून भिंतीतला ओलावा बाहेर पडत राहतो. त्यावर सिमेंटचा गिलावा चढवला, की ओल आत कोंडते, क्षार साठतात आणि वीट आतल्या आत भुसभुशीत होते. वरून मात्र भिंत दोन-तीन वर्षे नवीकोरी दिसते, त्यामुळे दोष कोणाच्या लक्षात येत नाही. जुन्या कामात कळीचा चुना विझवून, वाळू आणि विटकरीच्या भुकटीबरोबर घाणीत, म्हणजे चुना मळायच्या चक्कीत, मळत, आणि त्यात गूळ, बेलफळ, हिरडा यांचे पाणी घालत. असा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत हळूहळू घट्ट होतो, म्हणून त्याला सिमेंटच्या घाईने जोखता येत नाही. अशी घाणी चालवणारे गवंडी आता थोडे उरले आहेत, पण शोधल्यास सापडतात. किल्ल्यांच्या आणि देवळांच्या दुरुस्तीवर ते काम करत असतात. लाकडाला चकचकीत ऑइलपेंट लावू नये, घासून स्वच्छ केल्यावर जवसाचे तेल पुरेसे होते. कोणतीही दुरुस्ती सुरू होण्यापूर्वी, चालू असताना आणि झाल्यावर एकाच जागेवरून तीन चित्रे घ्यावीत.

स्वतःच्या जिवाचीही नोंद ठेवावी, असे थोडे विनोदाने म्हणता येईल. मुसळधार पावसात किंवा पावसाची सलग झड नुकतीच ओसरली असताना मातीच्या भिंतींच्या वाड्यात शिरू नये, महापालिकेने धोकादायक ठरवलेल्या इमारतीत एकट्याने जाऊ नये आणि माळ्यावर चालताना पाय तुळईच्या रेषेवर ठेवावा.

सहावी पायरी : साठवण आणि प्रसार

फाइलच्या नावात गाव, वास्तू, खोलीचा क्रमांक आणि तारीख असावी. तारखेत वर्ष आधी, मग महिना, मग दिवस लिहिला, तर संगणक त्या आपोआप काळाच्या क्रमाने लावतो. मूळ फाइल कधीही बदलू नये, सुधारणा प्रतीवर कराव्यात. एकूण तीन प्रती ठेवाव्यात, त्यांतील दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि एक दुसऱ्या गावी. वॉट्सअॅपवरून पाठवलेले चित्र सहसा दाबून लहान केलेले असते, त्याला मूळ प्रत समजू नये.

विकिमीडिया कॉमन्सवर मुक्त परवान्याने चित्रे ठेवली, तर मराठी विकिपीडियासह सर्वांना ती वापरता येतात. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार इमारतीचे छायाचित्र काढून प्रसिद्ध करण्यास मुभा आहे. मात्र खासगी घराच्या आतील चित्रांसाठी संमतीपत्राची मर्यादा पाळावी. आणखी एक खबरदारी आवश्यक आहे. कोरीव दरवाजे, गणेशपट्ट्या, खांब यांना जुन्या वस्तूंच्या बाजारात चांगला भाव येतो, आणि रिकाम्या वाड्याचा पत्ता व मौल्यवान तपशील एकत्र प्रसिद्ध करणे म्हणजे चोराला वाट दाखवणे होय. १९७२ च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षांहून जुन्या इमारतीतून सुटी केलेली वस्तूही पुरावशेषच ठरते, तिचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि ती खासगीरीत्या परदेशी पाठवता येत नाही. वाडा विकायला निघालेल्या मालकांना हे सहसा ठाऊक नसते, म्हणून त्यांना ते सांगावे; तुमच्याकडील मापपट्टीसह घेतलेले चित्र अशी वस्तू चोरीला गेल्यास ओळख पटवण्याच्या कामीही येते.

संपूर्ण संचाची एक छापील प्रत, नकाशा आणि वहीच्या नकलेसह, वाड्याच्या मालकाला द्यावी आणि एक गावच्या सार्वजनिक वाचनालयात ठेवावी. पुढच्या दिवाळीनंतर, पावसाने केलेले नुकसान ताजे असताना, त्याच नकाशावरच्या त्याच बाणांवर उभे राहून दर्शनी भाग, चौक आणि तड्यांची चित्रे पुन्हा घ्यावीत.